ऐंशी टक्क्यांचा कायदा करण्याआधी एकदा चंडीगडला या

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,



खासगी नोकऱ्यांत ८० टक्के जागा स्थानिकांना देणारा कायदा करू, हे आश्वासन महाराष्ट्राला नवं नाही. २०१९च्या डिसेंबरात ते थेट राज्यपालांच्या अभिभाषणात आलं. कायदा काही आला नाही. त्यानंतर सरकारं बदलली, पक्ष फुटले, चिन्हं गोठली. आश्वासन मात्र ठणठणीत आहे आणि पुढच्या निवडणुकीत कुणीतरी ते पुन्हा बाहेर काढणारच. मसुदा होऊन ते आपल्या टेबलावर येण्याआधी हे पत्र पोचावं म्हणून लिहिते आहे.

मी चंडीगडला राहते. म्हणजे इथे परप्रांतीय मी आहे. भूमिपुत्रांच्या हक्काची भाषणं मुंबईत ऐकताना मान डोलते. इथे ऐकली की हात आपोआप कागदांच्या फायलीकडे जातो. आपल्या मसुद्याकडे या बाजूनेही एकदा पाहिलं जावं, एवढीच विनंती.

चंडीगड म्हणजे एक शहर आणि तीन सरकारं. मधला भाग केंद्राचा, पश्चिमेला मोहाली पंजाबचं, पूर्वेला पंचकुला हरियाणाचं. लोक तिघांना मिळून ट्रायसिटी म्हणतात. हाऊसिंग बोर्ड चौकातून रिक्षा पंचकुल्यात शिरते तेव्हा ना नाका लागतो ना जकात. नोकरीचा अर्ज मात्र तिथेच अडतो. ही रेषा १९६६ची. त्या साली १९ जूनला मुंबईत शिवसेना स्थापन झाली, २५ ऑक्टोबरला महाराष्ट्र-कर्नाटक सीमेसाठी महाजन आयोग नेमला गेला आणि १ नोव्हेंबरला पंजाबची वाटणी होऊन चंडीगड केंद्रशासित झालं. तिन्ही गोष्टी भाषा आणि जमीन यांच्या एकाच तिढ्यातल्या. पंजाबच्या वाटणीसाठीच्या शाह आयोगाने चंडीगडसह खरड तालुका हरियाणाला द्यावा अशी शिफारस केली होती. १९८५च्या राजीव-लोंगोवाल कराराने चंडीगड पंजाबला द्यायचं ठरवलं, २६ जानेवारी १९८६ ही तारीखसुद्धा ठरली. यातलं काहीच झालं नाही. आयोग, करार आणि तारखा यांचं पुढे काय होतं, हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगायला नको.

या शहराच्या सेक्टर १मध्ये, ल कॉर्ब्युझिएने आखलेल्या इमारतीत, पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालय बसतं. आपल्याला जो कायदा करायचा आहे त्याचं शवविच्छेदन तिथे होऊन गेलेलं आहे.

हरियाणाने २०२०मध्ये स्थानिक उमेदवारांच्या रोजगाराचा कायदा केला. दहा किंवा त्याहून जास्त माणसं ठेवणाऱ्या प्रत्येक खासगी कंपनीने, ट्रस्टने, भागीदारी पेढीने ७५ टक्के जागा हरियाणाच्या अधिवासींना द्यायच्या. आधी महिना ५०,००० रुपयांपर्यंतच्या नोकऱ्या त्यात होत्या. उद्योजकांनी ओरड केल्यावर मर्यादा ३०,०००वर आली. अधिवासाची अट पंधरा वर्षांवरून पाचवर आली. १५ जानेवारी २०२२पासून अंमल सुरू झाला. त्या पगाराच्या आतल्या प्रत्येक कामगाराची नोंद सरकारी पोर्टलवर करायची, स्थानिक माणूस मिळत नसेल तर अधिकाऱ्यापुढे जाऊन सूट मागायची, तिमाही अहवाल द्यायचा, चुकलं तर दंड भरायचा. गुरुग्राम, मानेसर, फरिदाबादचे कारखानदार कोर्टात गेले. फेब्रुवारी २०२२मध्ये स्थगिती मिळाली, सर्वोच्च न्यायालयाने ती उठवून लवकर निकाल द्या म्हणून सांगितलं आणि १७ नोव्हेंबर २०२३ रोजी उच्च न्यायालयाने अख्खा कायदा घटनाबाह्य ठरवला. दुसऱ्या राज्यातल्या भारतीयाला कामावर घेऊ नकोस, असं सरकार खासगी मालकाला फर्मावू शकत नाही, हा त्याचा गाभा. हरियाणा सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे.

कायद्याचं काय ते आपले महाधिवक्ता सांगतील. मी नकाशाचं सांगते. मनीमाजरा हे जुनं गाव चंडीगडात मोडतं आणि पंचकुला त्याला लागून आहे. मनीमाजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरातला मुलगा पंचकुल्याच्या औद्योगिक वसाहतीत या कायद्याच्या लेखी परका होता. सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या सिरशाहून आलेला मुलगा मात्र स्थानिक होता. आपल्याकडे हे कुठे घडेल तेही सांगते. चंदगड तालुक्यातली शिनोळीची औद्योगिक वसाहत बेळगावच्या वेशीवर आहे. बेळगावचा मराठी मुलगा तिथे कामाला आला तर तो स्थानिक धरायचा की नाही? सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राने आपल्या नोकऱ्यांची आणि शिक्षणाची दारं उघडी ठेवली आहेत ती उगाच नव्हे. घर रेषेच्या पलीकडे असलं म्हणून माणूस परका होत नाही, हे आपल्या सरकारने त्या ८६५ गावांपुरतं मान्य केलेलं आहे. मग गोव्यातल्या पेडण्याचं काय, गुजरातेतल्या उंबरगावचं काय?

आणि अधिवासाचे नियम कागदावर कसे दिसतात त्याचा एक नमुना इथल्याच सेक्टर ३२च्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला. तिथल्या पदव्युत्तर प्रवेशात चंडीगडच्या रहिवाशांसाठी राखीव जागा होत्या. रहिवासी कोण? जो इथे पाच वर्षं शिकला तो, ज्याचे आईवडील पाच वर्षं इथे राहिले तो, आणि ज्याच्या आईवडिलांच्या नावावर पाच वर्षं इथे मालमत्ता होती तोही. म्हणजे सेक्टर ८मध्ये कोठी घेऊन ठेवा, पोर कुठेही वाढू द्या, ते स्थानिक. त्याच कोठीत भांडी घासणाऱ्या बाईने स्थानिक ठरायला मात्र वर्षांचे पुरावे गोळा करायचे. २९ जानेवारी २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं असं अधिवासाचं आरक्षण रद्द केलं. बातमी महाराष्ट्रात वाचली गेली ती डॉक्टरांपुरती. मला वाटतं ती कामगार विभागाने वाचायला हवी होती.

आता यापेक्षा अवघड गोष्ट. सेक्टर ४५च्या आखीव रस्त्यांमध्ये अडकलेलं बुडैल नावाचं गाव आहे. गल्ल्या अरुंद, डोक्यावर तारांचं जाळं आणि अधूनमधून ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं. एक संगणक, एक प्रिंटर, मागच्या भिंतीवर फोटोसाठी पांढरा पडदा. भरती निघाली की बाहेर रांग लागते. दुकानदार जाहिरात इंग्रजीत वाचतो, हिंदीत विचारतो, समोरची मुलगी भोजपुरीत पंजाबी मिसळून उत्तर देते आणि तो ते पुन्हा इंग्रजीत टंकतो. 'कॅटेगरी?' 'एससी.' 'सर्टिफिकेट कहाँ का है?' इथे मुलगी घुटमळते. बाप पूर्व उत्तर प्रदेशातून मजुरीला आला. ती इथे जन्मली, इथल्या सरकारी शाळेत शिकली. दाखला बापाच्या गावाचा. दुकानदाराला अनुभव दांडगा असतो, तो पुढचा प्रश्न विचारत नाही, फॉर्म केंद्राचा आहे की पंजाबचा एवढंच बघतो. पीजीआयसारख्या केंद्राच्या संस्थेची जागा असेल तर दाखला चालतो. मोहालीत पंजाबची असेल किंवा पंचकुल्यात हरियाणाची, तर 'जनरल'वर टिचकी मारतो. उत्तर प्रदेशात तिला आरक्षण आहे, पण तिथे ती कधी राहिलेली नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशातली गत.

हा नियम चंडीगडने शोधलेला नाही. तो आपल्या परळचा आहे. आंध्रात अनुसूचित जमातीत गणला जाणारा एक मुलगा लहानपणीच मुंबईत आला, इथेच शिकला आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागू लागला. १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं: अनुसूचित जात-जमात ही राज्यापुरती असते, माणूस राज्य बदलतो तेव्हा त्याचा दाखला सोबत चालत नाही. १९९४मध्ये महाराष्ट्रातल्याच दाखल्यांवरून गेलेल्या याचिकेत हे पक्कं झालं. २०१८मध्ये घटनापीठाने दिल्लीतल्या नोकऱ्यांची देशपातळीवरची पद्धत तेवढी राहू दिली, बाकी नियम कायम ठेवला. आणि २०२४मध्ये चंडीगडची पाळी आली. इथल्या हाऊसिंग बोर्डाने १९८३ साली घरांसाठी अनुसूचित जाती-जमातींकडून अर्ज मागवले होते. राजस्थानातल्या अनुसूचित जमातीच्या एका रहिवाशाने अर्ज केला. खालची सगळी कोर्टं त्याच्या बाजूने गेली. चाळीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चंडीगडसाठी एकही जमात अनुसूचित म्हणून जाहीर झालेली नाही, तेव्हा लाभही नाही. जाहिरात देणाऱ्याने ती काय म्हणून दिली होती, देव जाणे.

चंडीगडच्या अनुसूचित जातींच्या यादीत ३६ नावं आहेत. त्यात महार नाही, मांग नाही. बाबासाहेबांची जात या यादीत नाही. नागपूरकडचं एखादं बौद्ध कुटुंब लष्कराच्या किंवा हवाई दलाच्या नोकरीने इकडे येतं आणि इथेच राहून जातं. त्यांच्या मुलांना केंद्राची नोकरी सोडून शेजारच्या दोन्ही राज्यांत राखीव जागा नाही. याद्या राज्यवार करण्यामागे कारण होतं, अस्पृश्यतेचं रूप प्रदेशाप्रदेशात वेगळं होतं. पण जात काही रेल्वेच्या डब्यात विसरून येता येत नाही. भाड्याने खोली बघायला जा, घरमालक तिसऱ्या प्रश्नात आडनाव काढतो. धारावीतला तमिळ दलित आणि चंडीगडमधला मराठी दलित यांची अडचण तंतोतंत एक आहे, आणि पहिलीला आपलं राज्य जबाबदार नसलं तरी तिच्यावर गप्प आहे.

म्हणून ऐंशी टक्क्यांच्या मसुद्यात 'स्थानिक' ठरवायला पंधरा वर्षांचा दाखला येईल तेव्हा त्याचा पहिला फटका कुणाला बसेल याचा अंदाज घ्या. तो सदनिकावाल्याला बसत नाही, त्याच्याकडे करारनामा असतो. तो झोपडीवाल्याला बसतो. चंडीगडमध्ये कॉलनी नंबर ४ ही झोपडपट्टी मे २०२२मध्ये पाडली गेली. झोपडीबरोबर पत्ता जातो, आणि पत्त्याबरोबर 'पाच वर्षं इथे राहिलो' हे सिद्ध करायचा कागदही. आपल्याकडे ऊसतोड कामगाराची पोरं सहा महिने एका तालुक्यात, सहा महिने दुसऱ्या राज्यात. बीडच्या त्या पोराइतकं अस्सल मराठी कोण, पण दाखल्यांच्या परीक्षेत तो नापास होईल.

या प्रश्नाचा विचार घटनासभेने केलेला आहे. ३० नोव्हेंबर १९४८ला सरकारी नोकरीतल्या समान संधीच्या कलमावर चर्चा झाली. मागासवर्गीयांच्या आरक्षणाची बाजू बाबासाहेबांनी त्या दिवशी मांडली, आणि त्याच भाषणात रहिवासाच्या अटीचीही. मूळ नसलेल्या उडत्या पाखरांनी एका प्रांतातून दुसऱ्यात यावं, जागा टिपाव्यात आणि निघून जावं हे त्यांनाही मान्य नव्हतं. स्थानिकांच्या तक्रारीला त्यांनी वेडगळ म्हटलं नाही. पण ती अट घालण्याचा अधिकार राज्यांकडे न देता संसदेकडे ठेवावा, ही अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांची दुरुस्ती त्यांनी स्वीकारली. १९५७च्या कायद्याने संसदेने राज्यांमधल्या रहिवासाच्या अटी काढूनही टाकल्या, काही भागांपुरते मुदतीचे अपवाद ठेवून. तरीही अधिवासाचा दाखला मागणाऱ्या सरकारी जाहिराती आपल्याकडे सर्रास निघतात. कुणी कोर्टात गेलं नाही तोवर चालतात, इतकंच.

तर मग स्थानिक माणसाने करायचं काय? मला वाटतं इथे भाषा कामी येते, आणि दाखल्यापेक्षा फार प्रामाणिकपणे येते. राजस्थानने शिक्षकभरतीत जिल्ह्यातल्या रहिवाशांना जादा गुण दिले होते. स्थानिक बोली त्यांना कळते, हे कारण पुढे केलं होतं. २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते गुण रद्द केले. बोली हवी असेल तर बोली येते का ते पाहा, जन्म कुठला ते का विचारता? पंजाबने ते केलं. २०२२च्या ऑक्टोबरात तिथल्या मंत्रिमंडळाने क आणि ड गटाच्या भरतीला पंजाबीची परीक्षा लावली: ५० टक्के गुण हवेत, नाहीतर पुढे विचार नाही. हरियाणापेक्षा हे सरळ आहे. बिहारचा मुलगा गुरुमुखी शिकला तर त्याला कुणी अडवत नाही.

पण बुडैलच्या त्या मुलीला हाही दरवाजा बंदच. ती पंजाबी बोलते, भाजीवाल्याशी भांडते, गाणी म्हणते. लिहिता येत नाही, कारण ती ज्या शहरात शिकली त्या शहराच्या प्रशासनाची भाषा इंग्रजी आहे. २०११च्या जनगणनेत इथल्या ७३ टक्क्यांहून जास्त लोकांनी मातृभाषा हिंदी सांगितली, सुमारे २२ टक्क्यांनी पंजाबी. ज्या गावांच्या जमिनी घेऊन हे शहर उभं राहिलं ती पुआधी पंजाबी बोलणारी गावं होती. त्यांची नातवंडं पंजाबीसाठी अजून मोर्चे काढतात. शिपायाच्या जागेची जाहिरातही इथे इंग्रजीत वाचावी लागते. आणि वरच्या खुर्च्यांचं पाहा: लातूरचे शिवराज पाटील २०१० ते २०१५ पंजाबचे राज्यपाल आणि चंडीगडचे प्रशासक होते, नागपूरचे बनवारीलाल पुरोहित २०२१ ते २०२४. दोघांपैकी कुणालाही पंजाबीची परीक्षा द्यावी लागली नाही. ती अट राज्यपालाला लागत नाही, चपराशाला लागते.

महाराष्ट्राकडे यापेक्षा शहाणी पद्धत आधीपासून आहे, आपण तिची जाहिरात करत नाही. एतदर्थ मंडळाची मराठी भाषा परीक्षा. शाळेत मराठी न शिकलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला आधी नोकरी मिळते, मग ठराविक मुदतीत ही परीक्षा पास व्हावं लागतं. नाही झाला तर वेतनवाढ अडते. नोकरी आधी, भाषा नंतर, आणि चुकलं तर पगाराला झळ. माझी पहिली मागणी हीच आहे: ऐंशी टक्क्यांचा मसुदा बाजूला ठेवा आणि लोकांशी ज्यांचा रोज संबंध येतो त्या कामांना हे सूत्र लावा. बँकेची खिडकी, रुग्णालयाचा नोंदणी कक्ष, विमा, वीजबिल, टोल. सरकारकडून सवलती घेणाऱ्या उद्योगांना २००८च्या निर्णयानुसार स्थानिकांचं प्रमाण राखावं लागतं; त्या सवलतींना मराठी शिकवण्याची अट जोडा, वर्ग कामाच्या वेळेत आणि खर्च मालकाचा. लोणावळ्याच्या हॉटेलातला ओडिया वेटर मराठी शिकायला तयार असतो. त्याला शिकवायला कुणी येत नाही, थोबाडीत मारायला मात्र येतात.

मारण्यावरून आठवलं. साठच्या दशकात बाळासाहेब ठाकरे यांच्या 'मार्मिक'मध्ये 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांची नावं छापून यायची. त्या याद्यांनी शिवसेना उभी केली हे सगळे सांगतात. त्यानंतरचं कमी सांगितलं जातं. शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समित्यांनी बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांच्या व्यवस्थापनाशी भांडताना मराठी मुलांची स्पर्धा परीक्षेची तयारीही करून घेतली, अर्ज कुठे मिळतो ते सांगितलं, मुलाखतीला कसं बसायचं ते सांगितलं. दादर-गिरगावच्या कित्येक घरांतला पहिला बँकवाला त्या वर्गांतून निघाला. २००८च्या ऑक्टोबरात कल्याणला रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना झोडपलं गेलं. त्या मारहाणीने किती मराठी मुलांना नोकरी दिली याचा हिशेब कुणी मांडत नाही. पुढे रेल्वेची प्रश्नपत्रिका मराठीत मिळू लागली, त्याचा फायदा मात्र जालन्याचा आणि वाशिमचा मुलगा आजही घेतो. केंद्राने २०२३-२४पासून मल्टी टास्किंग स्टाफची (एमटीएस) आणि निमलष्करी दलांच्या शिपायांची परीक्षा हिंदी-इंग्रजीखेरीज १३ भाषांत घ्यायला सुरुवात केली. त्यात मराठी आहे, पंजाबीही आहे.

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ला ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, तेव्हा ती जागा घेणारा तरुण तयार व्हावा म्हणून कोल्हापुरात वसतिगृहांना हात घातलेला होता. आपण जाहीरनाम्यात टक्केवारी घेतो आणि वसतिगृह विसरतो.

एक गोष्ट मात्र मराठीच्या अभिमानाने बोलताना आपल्याला अडचणीची वाटेल, तरी लिहिते. भाषेची अट उगारायची तर ती भामरागडलाही उगारावी लागेल. तिथे माडिया बोलणाऱ्या मुलांपुढे उभ्या राहणाऱ्या मास्तरला माडिया येत नाही, मेळघाटातल्या परिचारिकेला कोरकू येत नाही, आणि तिथल्या आईसाठी परकी भाषा आपली मराठी आहे. २०१४मध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक अशी पदं स्थानिक आदिवासींसाठी राखली. आंध्रातल्या अशाच शंभर टक्के आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये मोडीत काढलं आणि आपली भरतीही कोर्टात अडकली. ती जमातीऐवजी जमातीच्या भाषेवर बेतली असती तर टिकली असती का? मला वाटतं निदान लढायला जास्त जागा राहिली असती, आणि ती भाषा येणाऱ्या कुणालाही दार उघडं राहिलं असतं. व्यवहारात ते आदिवासीच असते. विचारून पाहा आपल्या विधी खात्याला.

आणि शेवटचा मुद्दा, ज्यामुळे बाकी सगळ्यावर पाणी पडतं. चंडीगडमध्ये सफाई, सुरक्षा, टंकलेखन, वॉर्डबॉय अशी कामं कंत्राटदारांकडे गेली आहेत. सरकारी खुर्चीवर बसलेला माणूस कंत्राटदाराचा. तिथे आरक्षणाची बिंदुनामावली नाही, परीक्षा नाही, भाषेचा प्रश्नच नाही. केंद्र सरकार ४५ दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकांनाही आरक्षण लागू आहे म्हणतं, पण कंत्राटदाराची माणसं सरकारच्या नेमणुकाच नव्हेत, तेव्हा तेही गळतं. पिढ्यान्‌पिढ्या हातात झाडू असलेली वाल्मीकी वस्ती इथे झाडूच्या कामातही कायम नोकरीला मुकली. महाराष्ट्रात २०२३च्या सप्टेंबरात नऊ कंपन्यांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला, पोरं रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरात तो रद्द झाला. निर्णय रद्द झाला, कंत्राटदार राहिले. महापालिकेत, जिल्हा परिषदेत, सरकारी रुग्णालयात जाऊन बघा, ओळखपत्र कुणाचं आहे ते.

तेव्हा माझी दुसरी मागणी. राज्य सरकार स्वतः ज्या मनुष्यबळाच्या निविदा काढतं, त्यांच्या अटींमध्ये राज्याची बिंदुनामावली घाला, जाहिरात आणि अर्ज मराठीत काढायला लावा, आणि निवडलेल्यांची यादी वस्तीतल्या फलकावर लागेल असं करा. यासाठी नवा कायदा नको, घटनेशी झगडा नको, कुठल्या उद्योग संघटनेची परवानगी नको. मालक सरकार आहे आणि अट त्याने स्वतःच घालायची आहे. पहिली निविदा मंत्रालयाच्याच साफसफाईची असली तरी चालेल.

कळावे,

आपली नम्र,
चंडीगडस्थित एक मराठी रहिवासी